टाळ्या वाजल्या तर वाजू देत

बर्मिंगहॅमहून एका नर्सचं पत्र आलंय. माहेर नगरचं, सासर जालन्याचं. पत्रात तीन प्रश्न आहेत, पण मी एकालाच धरून बसणार आहे. तो आपल्या ख्रिस्ती मंडळीत घरोघरी आहे, आणि परदेशात आल्यावर जरा जास्तच वाढलाय.

ती लिहिते: “मावशी, जय ख्रिस्त. गेल्या महिन्यात मला वॉर्ड मॅनेजर केलं. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी नाव घेऊन अभिनंदन केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून म्हणाले, माझं काहीच नाही, सगळं प्रभूनं केलं. गाडीत मुलगी म्हणाली, मम्मी, पण अभ्यास तर तू करत होतीस. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू? टाळ्या ऐकून फार बरं वाटलं होतं. बरं वाटलं म्हणूनच रात्री झोप आली नाही. हा गर्वच ना?”

नाही गं बाई. बरं वाटणं हा गर्व असता तर प्रभूनं त्या सत्तर जणांना दारातूनच परत पाठवलं असतं. लूकचा दहावा अध्याय काढ. कामगिरी फत्ते करून ते हरखून परत येतात. प्रभू त्यांना एवढंच सांगतो की भुतं वश झाली याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. आनंद काढून घेत नाही, त्याची जागा बदलतो. आणि त्याच घटकेला स्वतःही उल्लसित होतो. तेव्हा झोपेचं खोबरं करून घेऊ नकोस.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती ऐकूनच घे. “सगळं प्रभूनं केलं” हे खोटं नाही, पण फार सोयीचं आहे. तुझ्याच पत्राचं तिसरं पान बघ. “सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिजावर येऊन मुलांना सांभाळून गेल्या.” “यांनी स्वतःच्या रात्रपाळ्या बदलून घेतल्या.” “वॉर्डातली फिलिपिनो सिस्टर जेवणाच्या सुट्टीत माझा इंटरव्ह्यूचा सराव घ्यायची.” हे सगळं मला, म्हणजे जिला तू कधी पाहिलंही नाहीस तिला, कळवलंस. टाळ्या वाजत होत्या तेव्हा यांतल्या कुणाचं नाव घेतलंस? सासूबाई इतक्या लांबून आल्या, थंडीत मोजे चढवून पोरांना शाळेत सोडत राहिल्या, आणि श्रेय देताना त्या प्रभूमध्ये जमा!

पौलाकडून शिक. तो रोमकरांच्या पत्रात सोळावा अध्यायच्या अध्याय नावांनी भरतो. आपण वाचताना तो घाईनं उरकतो, कारण नावं अवघड आहेत. वीसहून अधिक माणसं आहेत त्यात. फिबीनं आपल्याला आणि पुष्कळांना साहाय्य केलं हे तो लिहितो. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, हे लिहितो. रूफची आई मला आईसारखी झाली, हेही लिहितो. देवाचा गौरव करण्यात पौल कमी पडला असं कुणी म्हणेल का?

माझी आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. आत्या उठली, “तुम्ही बोललात ते ऐकून मला आनंद झाला” म्हणाली आणि पदराआडून कागद काढला. त्यावर ऑपरेशनच्या चादरी धुणाऱ्या धोब्यापासून रात्रीच्या वॉचमनपर्यंत सगळी नावं, प्रत्येकापुढे एकेक उपकार. मोठे डॉक्टर चुळबुळत होते, चहा गार होत होता, आत्या वाचतच होती. तिला कुणी गर्विष्ठ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. याउलट आमचे हे. मटणाची तारीफ झाली की “छे छे, आज जमलंच नाही” म्हणतात, आणि समोरच्यानं तीनदा आग्रहानं “जमलंय हो” म्हणेपर्यंत थांबतात. एका कौतुकाची चार करून घ्यायची ही युक्ती मला लग्नानंतर लवकरच कळली.

म्हणून सांगते. कुणी कौतुक केलं तर “थँक यू, मला फार आनंद झाला” म्हणायचं आणि गप्प बसायचं. देवाची उपकारस्तुती घरी गुडघ्यावर करायची, मंडळीत साक्ष द्यायची वेळ आली की तिथेही. आणि त्याच आठवड्यात ज्यांनी हात लावला त्यांना एकेकाला फोन. मेसेज नको, फोन. सासूबाईंना आधी. मुलीला शेजारी बसवून कर, म्हणजे गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर तिला आपोआप मिळेल.

कामावर तर ही नम्रता अंगाशीच येते. तू लिहितेस, “रिव्हॅलिडेशनच्या फाइलमध्ये पेशंटचं कौतुक लावायला लाज वाटते.” अगं, दर तीन वर्षांनी नर्सांच्या रजिस्टरवर नाव टिकवायचं तर पाच अभिप्राय लागतातच. कौतुकाचं पत्र त्यात नियमानं बसतं. निमूटपणे लाव.

आणि नम्रतेच्या नावाखाली पंडिता रमाबाईंना विसरू नका. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पदवी बाईंनी परत केली नाही, जन्मभर नावामागे लावली. तू राहतेस त्याच इंग्लंडात, वाँटेजला, १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी “पंडिता” गळून पडलं नाही. पुढे अमेरिकेत गावोगावी व्याख्यानं झाली, वाहवा झाली. ती वाहवा त्यांनी झटकली नाही, कामाला लावली. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिनं दहा वर्षं मदतीचा शब्द दिला, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडलं. बाई “माझं काहीच नाही” म्हणत व्यासपीठावरून उतरल्या असत्या तर त्या बालविधवांनी कुठे जायचं होतं?

आता राहिलेले दोन. नवऱ्यानं तुझ्या बढतीची फेसबुकवर पोस्ट टाकली, काढायला सांगू का? राहू दे. बायकोचं कौतुक करणारा नवरा मिळालाय, त्याला हौस करू दे. फक्त तुझ्या वॉर्डातला पेशंट फोटोत नाही ना, ते बघ.

नगरला भावाच्या सल्ल्यानं जमीन घ्यायची म्हणतेस. शेतजमीन असेल तर ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) ती विकत घेता येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. भाऊ काहीही म्हणो, पैसे पाठवण्याआधी नगरच्याच वकिलाला सातबारा दाखव.