खोका उचला, पैसे जरूर पाठवा

प्रश्न : काका, वेंगुर्ल्याजवळ आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे, माझ्या एकटीच्या नावावर. आठ बायका कामाला. इथली बी दिवाळीपर्यंत कशीबशी पुरते, पुढे टांझानियाची पोती घ्यावी लागतात. भाचा दार-ए-सलामला नोकरीला आहे. तिकडे म्त्वारा भागातली एक संस्था गरीब मुलांना गणवेश, वह्या नि शाळेत दुपारी मक्याची पेज देते, असं त्याने कळवलं. मला दर पाकिटामागे ५ रुपये द्यायचे आहेत. दुकानात मदतीचा खोकाही ठेवलाय. धंद्याच्या खात्यातून पाठवू का? करात सूट मिळेल? सासूबाई म्हणतात, "आपल्या वाडयेतली पोरां ऱ्हवली बाजूक नि तू आफ्रिकेक पैसे धाडतलंस?"
– एक काजूवाली

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या कोपऱ्यावर काळा अंगठा उमटलाय. तो बघूनच तुमचं पत्र आधी घेतलं. माझी आई फोडायला जायची, हाताला राख चोळून बसायची, तरी सालीच्या तेलाने बोटं जळायचीच.

आता कामाचं. परदेशी संस्थेला देणगी द्यायची तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून द्यायची. नाव जड आहे, काम सोपं आहे. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे तुमच्या ५ रुपयांना मर्यादेची भीती नाही. पण ही सोय माणसाला आहे, भागीदारी पेढीला किंवा कंपनीला नाही. तुमचा धंदा एकटीचा, म्हणून निभावलं. तरीही धंद्याच्या चालू खात्याला हात लावू नका. वहीत 'उचल' दाखवा, रक्कम स्वतःच्या बचत खात्यात घ्या आणि तिथून पाठवा. पॅन लागेल, बँक ए-टू नावाचा फॉर्म भरून घेईल. 'कशासाठी' या रकान्यात देणगीच लिहा. कुणी 'नातेवाइकाला मदत' लिहायला सुचवलं तर ऐकू नका.

सूट मिळणार नाही. देणगीवर करसूट देणारं प्राप्तिकराचं कलम ८०-जी इथल्या नोंदणीकृत संस्थांपुरतं आहे. ५ रुपये द्यायचे ते कर भरून उरलेल्यातून, हे पाकिटाची किंमत ठरवतानाच धरा.

दर महिन्याला मात्र पाठवू नका. मी बँकेत असताना एक बाई दरमहा थोडे थोडे पाठवायच्या. आमचा आकार, मधल्या बँकेचा आकार, पलीकडच्या बँकेचा आकार. पोचायची निम्मीशिम्मी रक्कम. त्यात एकदा खातेदाराच्या नावात एक अक्षर चुकलं, तर तीन आठवड्यांनी पैसे कापून परत. टंकलेखनाची ती चूक माझी होती, अजून लाज वाटते. वर्षातून एकदा, शिमगा आटोपला की पाठवा, आणि सगळे आकार पाठवणाऱ्याकडे, असं फॉर्मवर सांगा.

भाच्याला एकदा त्या शाळेत जाऊन यायला सांगा. फोटो नको, पेजेच्या वेळेला जा म्हणावं. टांझानियाने २०१६ पासून सरकारी शाळांतली फी माफ केली आहे. गणवेश, वह्या, जेवण यांचा भार घरावर पडतोच, त्यामुळे तुमची संस्था करते ते काम खरं वाटतं. पण उद्या तीच संस्था सरकारी शाळेच्या फीसाठी पैसे मागू लागली तर कान टवकारा. वर्षाचा हिशेब मागा. न देणाऱ्याला पुढच्या वर्षी पैसे नाहीत, एवढं आधीच कळवून ठेवा.

पाकिटावर 'या खरेदीतून मुलांना मदत' असं छापायची घाई नको. पहिली रक्कम पोचली, पावती आली, की छापा, आणि ५ रुपये हा आकडाही छापा. 'नफ्याचा काही भाग' असलं मोघम लिहिलेलं पाकीट मी तरी परत मांडणीवर ठेवतो.

सासूबाईंना काय सांगावं, हे बँकेच्या नियमांत नाही. मी त्यांना एक पोतं दाखवलं असतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तुमच्या आठ बायकांची मजुरी त्या पोत्यातूनच निघते. बी वेचणाऱ्यांची पोरं त्याच म्त्वाऱ्याच्या शाळांत जातात. आणि वाडीतल्या पोरांसाठीही करायचं असेल तर अजून २ रुपये ठेवा, कुणी अडवलंय?

राहिला खोका. त्यातले पैसे तुमचे नाहीत, गिऱ्हाइकांचे आहेत. ते तुमच्या खात्यातून, तुमच्या पॅनवर बाहेर गेले तर उद्या 'हे आले कुठून' याला तुमच्याकडे कागद नाही. आजच उचला. आत जमलेत ते ज्यांचे आठवतात त्यांना परत द्या, उरलेले गावच्या शाळेला देऊन पावती घ्या.