केनियाला जाताना मलेरियाच्या गोळ्या खरंच लागतात का? राहायची जागा निवडताना काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये तुम्ही नवरा-बायको, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आई असे चौघं केनियाला निघालाय. आधी नैरोबी, मग मसाई मारा, शेवटी डायनीचा समुद्रकिनारा. टूरवाला म्हणतो, गोळ्यांची गरज नाही, आमच्या माणसांना कधी काही झालं नाही. त्याचं ऐकावं का, आणि राहायच्या जागा कशा ठरवाव्यात?

गोळ्या लागतात. चौघांनाही लागतात. मी नोकरीनिमित्त काही वर्षं नैरोबीत राहिले आहे, आणि 'गरज नाही' हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. नैरोबीतली आपली माणसं घरी असताना गोळ्या घेत नाहीत. शहर १,७०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. रात्री गारठा असतो आणि तिथे मलेरियाचा धोका फार कमी. शिवाय ताप आला तर तासाभरात रक्त तपासून मिळतं, आणि तिथले डॉक्टर पहिली शंका मलेरियाचीच घेतात. हाच सल्ला पाहुण्यांनाही दिला जातो, आणि पाहुणे तर थेट माराला आणि किनाऱ्यावर जाऊन झोपतात. मारा १,५०० मीटरच्या वर असल्याने तिथे डास कमी असतात, पण असतात. डायनी तर समुद्रसपाटीलाच आहे, आणि तिथला धोका खरा आहे.

'आम्ही मुंबईचे, आम्हाला मलेरियाचं काय' असंही पुष्कळ जण म्हणतात. मुंबईच्या पावसाळ्यात बहुतेकांना होतो तो व्हायवॅक्स जातीचा मलेरिया. तो बेजार करतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. केनियातला जवळजवळ सगळा मलेरिया फॅल्सिपेरम या दुसऱ्या जातीचा आहे. उपचाराला उशीर झाला तर तो मेंदूवर आणि मूत्रपिंडावर जातो, दोन-चार दिवसांत माणूस अत्यवस्थ होतो. गडचिरोलीत काम केलेल्या डॉक्टरांना विचारा, ते हा आजार हसण्यावारी नेणार नाहीत. लहानपणी एकदा मलेरिया होऊन गेला म्हणून त्याच्यापासून संरक्षण मिळतं, असंही नाही.

आता सगळ्यात आधीची गोष्ट, आणि ती मलेरियाची नाहीच. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात, ६ दिवसांपर्यंत. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. तुम्हाला आणि मुलाला यात सहसा अडचण नसते. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, म्हणून आईंच्या बाबतीत डॉक्टरांनी विचार करून निर्णय घ्यायला हवा. लस देता येत नाही असं ठरलं तर परतल्यावर काय होईल, हेही सरकारमान्य लसीकरण केंद्रात विचारून घ्या. हे सगळं विमानाची तिकिटं काढायच्या आधी. पैसे भरून झाल्यावर हा प्रश्न समोर आला की घरातली माणसं 'घेऊन टाकू लस' असा घाईचा निर्णय घेतात, आणि आईंच्या बाबतीत तसं व्हायला नको.

त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचं बोला. निघण्याच्या दीड महिना आधी गेलात तर उत्तम. तिथे चालणारे मुख्य पर्याय तीन आहेत: डॉक्सिसायक्लिन, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल आणि मेफ्लोक्विन. क्लोरोक्विन तिकडे उपयोगाचं नाही, त्याला फॅल्सिपेरम केव्हाच दाद देईनासा झालाय. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. रोज एक, निघायच्या १-२ दिवस आधी सुरू करायची, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. तिने ऊन लवकर लागतं, त्यामुळे किनाऱ्यावर टोपी आणि सनस्क्रीन हवंच. ८ वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधासाठी ती देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलासाठी हा पर्याय बाद. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल मुलांना वजनानुसार देता येतं आणि बहुतेकांना ते सोसतं, पण महाग आहे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. म्हणून शोध लवकर सुरू करा. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, पण सुरुवात किमान दोन आठवडे आधी करावी लागते. फिट येणाऱ्यांना, नैराश्याचा किंवा तसा काही मानसिक त्रास होऊन गेलेल्यांना ती देत नाहीत, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असला तरी डॉक्टर टाळतात. आईंच्या रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी काही चालू असेल तर.

घरी परतल्यावर गोळ्या बंद करायच्या नाहीत. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे आठवडाभर किंवा जास्त दिवस वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला रक्तात गाठतात, म्हणून परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवायच्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातच काम करतं, म्हणून ७ दिवस पुरतात. डायनीच्या शेवटच्या रात्री चावलेला डास हिशेबात धरला की हे आकडे पटतात.

राहायच्या जागेचं म्हणाल तर बहुतेक जण तलाव, जेवण आणि खोलीतून काय दिसतं ते बघतात. तुम्ही आधी रात्रीचं बघा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि त्यातही माणसं झोपल्यावर जास्त. दिवसभर गाडीतून सिंह बघताना तो भेटत नाही.

माराच्या तंबूत पलंग, न्हाणीघर, गरम पाणी सगळं असतं, पण बऱ्याच कॅम्पांत वीज जनरेटरवर किंवा सौरऊर्जेवर असते आणि रात्री ठरावीक वेळेनंतर बंद होते. म्हणजे घरून नेलेलं भिंतीत लावायचं डासांचं यंत्र ऐन वेळी निरुपयोगी. जिथे वीज रात्रभर असते, तिथेही प्लग चौकोनी पिनांचा असतो, आपला बसत नाही. अडॅप्टर न्या, पण भिस्त जाळीवर ठेवा. बुकिंगच्या आधी कॅम्पला व्हॉट्सअॅपवर विचारा: वीज किती वाजता जाते, प्रत्येक पलंगाला जाळी आहे का, आणि जाळी सोडलेली असताना काढलेला फोटो पाठवता का. चांगले कॅम्प लगेच पाठवतात.

'प्रत्येक पलंगाला' हा प्रश्न तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या तंबूत मुलासाठी जादा खाट घालतात, आणि मोठ्या पलंगावर झकास जाळी असली तरी त्या खाटेवर बऱ्याचदा नसते. औषध लावलेली एक सुटी जाळी आणि थोडी दोरी बरोबर ठेवा. संध्याकाळी दिवा लावण्याआधी तंबूची चेन लावलेली असावी, न्हाणीघराच्या बाजूचीसुद्धा. ती बाजू सगळे विसरतात.

डायनीला मकुटी म्हणजे माडाच्या झावळ्यांचं उंच छप्पर असलेल्या सुंदर कॉटेज मिळतात. मला त्या मनापासून आवडतात. पण भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये बहुधा मोकळी फट असते आणि डास तिथूनच येतात. मुलगा आणि आई बरोबर असताना मी तरी बंद होणारी एसी खोली घेईन, खिडक्यांना जाळी असलेली. कॉटेजच हवी असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचता येईल एवढी मोठी हवी. संध्याकाळचं जेवण बहुतेक ठिकाणी उघड्यावर असतं, तेव्हा पूर्ण बाह्या, लांब पँट, मोजे. डीट (डास पळवणारं औषध) असलेलं क्रीम आधी सनस्क्रीन लावून मग वर लावायचं, आणि मुलाच्या हातांना लावायचं नाही, कारण हात तोंडात जातात. कपडे फिकट घ्या. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे माराकडच्या त्सेत्से माशा धावतात आणि त्या दिवसा चावतात. खाऊ आणि कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, केनियात त्यांच्यावर २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात न्या.

प्रवास विमा घेताना माराहून नैरोबीला हवाई रुग्णवाहिकेने आणण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा.

आणि ताप. पहिल्या चाव्यानंतर साधारण ७ दिवसांच्या आत मलेरियाचा ताप येत नाही, त्यामुळे तो बहुधा घरी आल्यावर येईल, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, आपल्याकडे डेंग्यूची साथ चालू असताना. गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी परतल्यापासून वर्षभरात, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर विशेष करून, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आत शिरताच सांगा, 'आम्ही केनियाला जाऊन आलोय.' मलेरियाची तपासणी मागून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करायला सांगा. मुलाच्या बाबतीत सकाळपर्यंतही थांबू नका.