पहिल्यांदाच शेतकरी आठवडे बाजारात जाताय?

आल्याआल्या पिशवी भरू नका, आधी एक चक्कर मारा. ज्याच्या पुढ्यात मेथी, कांदापात, वांगी अशा दोन-चारच जिनसा आहेत, तो बहुधा स्वतःच्या रानातला माल घेऊन आलेला असतो. मेथीशेजारीच सफरचंदं मांडलेली दिसली, तर माल मार्केट यार्डातून उचललेला आहे असं समजा. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याचा व्यवहार बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, म्हणजे समितीच्या आवारातच विकायची सक्ती उठली, तेव्हापासून शेतकऱ्याला शहरात थेट विकणं सोपं झालंय. म्हणून त्याला शोधून त्याच्याकडूनच घ्या. "तोडा कधी केला?" असं बिनधास्त विचारा, हौसेने सांगतात.

भेंडीचं टोक मोडून बघा. कट्कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. (पण एकच मोडा, मोडलेल्या भेंड्या मग कोणी घेत नाही.) मेथीची जुडी जरा फाकवून आत पाहा, ओली, काळी पानं दिसली तर ठेवून द्या. वांग्याचं देठ हिरवंगार हवं.

सुट्टे पैसे आणि टोमॅटोसाठी वेगळी पिशवी न्याच. उशिरा भाव उतरतो, पण पालेभाजी तोवर उरत नाही. आणि जुडीमागे पाच रुपयांसाठी कृपया घासाघीस करू नका.