अमेरिकेत घड्याळ नेमकं कधी आणि कसं बदलायचं?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे करायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ लाच एक तास मागे. २००५ च्या ऊर्जा कायद्यानुसार २००७ पासून हेच चालू आहे. त्याआधी हा बदल एप्रिल-ऑक्टोबरमध्ये व्हायचा, त्यामुळे आपोआप वेळ बदलणारं त्याहून जुनं घड्याळ असेल तर त्यावर विसंबू नका. मोबाइल स्वतःच बदलतो. भिंतीवरचं, ओव्हनचं आणि गाडीतलं तेवढं शनिवारी झोपण्यापूर्वी हाताने करा (गाडीतलं बहुतेक जण विसरतातच). हवाईत आणि, नवाहो या मूळनिवासी जमातीचा प्रदेश वगळता, ॲरिझोनात मात्र घड्याळाला हात लावायचा नाही. भारतात फोन लावणार असाल तर न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा.