खंडेनवमीचा नारळ आणि दोन हेल्परांचे तास

‘ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून चर्चच्या मंडळीत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा मालकांनी नारळ माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. मी फोडला, पेढाही खाल्ला. घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ही मूर्तिपूजा झाली, देव हे विसरत नसतो. तेव्हापासून झोप नाही. दोनदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मी मधूनच उठून बाहेर आलो. तसं मनाला लागावं असं दुसरं काही माझ्या हातून घडलेलं नाही. दिवाळीआधी दोन हेल्परांचे ओव्हरटाइमचे तास कमी लिहिले, पण ते मालकांनी सांगितलं म्हणून. ज्याला क्षमाच नाही असं जे पाप म्हणतात, ते हेच का?’
– एक वाचक, कोल्हापूर

प्रिय भाऊ,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल. नाही, हे ते पाप नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू ते शब्द बोलला ते यहुदी धर्मशास्त्र्यांना उद्देशून. त्याच्या हातून माणसं बरी होताना डोळ्यांनी बघूनही ‘याच्यात भूत आहे’ असं ते म्हणत होते. आपलं काही चुकलं का, या धास्तीनं ज्याला झोप येत नाही, तो माणूस त्यांच्यातला नाही.

आता नारळ. सासूबाईंवर रागावू नका. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि इथे मिशनचं काम सुरू झालं. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या कितीतरी जणांना भाऊबंदांनी पंक्तीतून उठवलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. एवढं सोसून जे धरलं, ते पेढ्याच्या एका तुकड्यापायी सुटायला नको, ही भीती त्या पिढ्यांच्या हाडीमाशी भिनली. सासूबाईंच्या तोंडून तीच बोलते.

पण प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलात आहेत, त्यांच्यापेक्षा सावकाश विचार करतो. करिंथच्या बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा देवळातून आलेलं असायचं. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो, विकत मिळतं ते चौकशी न करता खा, पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. त्याच अध्यायात, थोडं आधी, मूर्तिपूजेपासून दूर पळा असंही तो बजावतो. म्हणजे खाणं वेगळं आणि पूजेत भाग घेणं वेगळं. तुमच्या पेढ्याची मला काडीचीही काळजी वाटत नाही. नारळ मात्र पूजेच्या जरा जवळ जातो, आणि तो फोडताना तुमचं मन कचरलं होतं. रोमकरांच्या पत्रातल्या चौदाव्या अध्यायाची अखेर वाचा. मनात शंका ठेवून केलेली गोष्ट माणसाला दोषी ठरवते, मग ती दुसऱ्या कुणाला चालत असो वा नसो. म्हणून पुढच्या वर्षी नारळ घेऊ नका. पण हे ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगू नका, आत्ताच एखाद्या साध्या दिवशी मालकांच्या कानावर घाला. ‘साहेब, पूजेला मी सगळ्यांबरोबर उभा राहीन, नारळ मात्र आपल्या जुन्या मिस्त्रींच्या हातून फोडू या.’ कोल्हापुरात एवढं कुणी मनाला लावून घेत नाही.

आणि झालं ते? अरामी सेनापती नामानाची गोष्ट काढा, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय. इस्राएलाचा देव ओळखल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन या परक्या दैवताच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला ना रागावत, ना नोकरी सोड म्हणत. शांतीने जा, एवढंच म्हणतो. तुम्हीही जा.

पण भाऊ, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते नारळासाठी नाही. ‘मनाला लागावं असं दुसरं काही नाही’ असं म्हणून लगेच पुढच्या ओळीत तुम्ही जे लिहिलंत, त्यासाठी वाचलं.

दोन माणसं पाळी संपल्यावरही भट्टीजवळ राबली. त्या तासांवर तुमच्या हातानं काट बसली. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट मजुरी असते, तेव्हा एकेका तासामागे दोन तासांचे पैसे गेले, तेही सणाच्या तोंडावर. यावर पवित्र शास्त्रात संदिग्ध काही नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचतो. पुदिना, शेप आणि जिरं यांचा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय सोडून देणाऱ्या परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशू काय म्हणाला, तेही तुम्हाला पाठ असेल. चिलट गाळून काढता आणि उंट गिळता.

तुम्ही ढोंगी आहात असं मी मुळीच म्हणत नाही. मला वाटतं, तुमचं मन खरोखर त्या तासांपाशी टोचतंय आणि तुम्ही दुखणं नारळावर दाखवताय. नारळाचा पश्चात्ताप बाकावर बसून, डोळे मिटून करता येतो. तासांचा करायचा तर मालकांच्या केबिनचं दार वाजवावं लागतं. विवेकसुद्धा चुकतो, भाऊ. खात्यातलं गेज तुम्ही जसं मास्टर गेजशी ताडून बघता, तसा तो वचनाशी ताडून बघावा लागतो. जिथे माणसाचं काही बिघडलं नाही तिथे तो ओरडतो, आणि जिथे कुणाच्या ताटातलं गेलं तिथे ‘साहेबांनी सांगितलं’ एवढ्यावर गप्प बसतो.

पंचिंगचं रेकॉर्ड काढा, खरे तास मांडा आणि मालकांकडे जा. एकटे जा, आवाज चढवू नका. ‘हे माझ्या हातून कमी लिहिलं गेलंय, या पगारात दुरुस्त करू या’ एवढं पुरे. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, तर त्या दोघांचे पैसे या वेळी तुमच्या खिशातून द्या, उपकार केल्यासारखे नाही, राहिलेले म्हणून. आणि यापुढे खोट्या तासांवर सही करू नका. घरात खाणारी तोंडं असताना हे सांगणं मला सोपं जात नाही, साहेबांची मर्जी गेली तर त्रास तुम्हालाच होणार आहे. तरीही सांगते, कारण जक्कय या जकातदाराच्या घरी तारण आलं त्या दिवशी तो उभा राहिला आणि फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला. ज्यांचं घेतलं त्यांच्यापर्यंत पोचल्याशिवाय तो थांबला नाही.

प्रभुभोजनाचं म्हणाल, तर माणसानं स्वतःची परीक्षा करावी ‘आणि मग’ त्या भाकरीतून खावं, असं पौल लिहितो. परीक्षा करून बाहेर जावं असं तो कुठेच म्हणत नाही. तुमच्या पाळकसाहेबांना दोन्ही गोष्टी सांगा, नारळही आणि तासही. नुसता नारळ सांगून घरी येऊ नका. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन त्यांच्याकडून तुमच्यासाठी वाचून घ्या. मी सांगण्यापेक्षा, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसाच्या आवाजात ते ऐकावं.

सासूबाईंना पेढ्याबद्दल समजावत बसू नका, त्या वयात ते जमायचं नाही. तासांचं मात्र बायकोला मालकांकडे जाण्याआधी सांगा. पगारात काही उलटंसुलटं झालं तर ते तिलाही सोसायचं आहे, तेव्हा तिला ते तुमच्याकडूनच कळू दे. आणि मालकांना भेटायचं ते पगारपत्रक तयार व्हायच्या आधी.