‘मॅडम, टॉपिकच मिळत नाहीये’

सत्र संपत आलं की साहित्याचे विद्यार्थी माझ्याकडे एक ठरलेली तक्रार घेऊन येतात. वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं आहे, त्याला गुण आहेत, तारीख अंगावर आली आहे आणि विषय काही ठरत नाही. वास्तविक हा प्रश्न त्यांनी आपल्या प्राध्यापकांना विचारायला हवा. पण विषयापायी झोप उडालेली असते, वर्गातल्या बाकीच्यांचे विषय ठरलेले असतात, आणि ‘अजून विषयसुद्धा ठरला नाही?’ हे ऐकून घ्यायची हिंमत नसते. मग पावलं समुपदेशकाच्या खोलीकडे वळतात.

त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट, तिला विचारून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी, वाचणारी, निबंधात बरे गुण मिळवणारी मुलगी. आल्या आल्या म्हणाली, ‘‘मॅडम, टॉपिकच मिळत नाहीये. सगळे टॉपिक होऊन गेलेत.’’

मी तिला ठरवलेले आणि सोडून दिलेले विषय दाखवायला सांगितलं. मोबाइलमध्ये यादीच होती. ‘दलित साहित्य आणि सामाजिक परिवर्तन’, ‘संतसाहित्यातील समता’, ‘स्त्रीवादी साहित्याची वाटचाल’, ‘ज्ञानपीठविजेते मराठी साहित्यिक’. प्रत्येकापुढे फुली. एक विषय दुसऱ्या कुणी तरी घेतला होता, एकाचं साहित्य फार होतं, एकावर ‘सर काहीही विचारतील’ अशी भीती होती.

ज्ञानपीठाचा विषय आम्ही नमुन्यादाखल हातात घेतला. वि. स. खांडेकर (1974), कुसुमाग्रज (1987), विंदा करंदीकर (2003) आणि भालचंद्र नेमाडे (2014). चार लेखक, दहा मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं. मराठीत मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द नीट ऐकू येतील असे बोलता येतात, म्हणजे एकेका लेखकासाठी तीनशेच्या आत-बाहेर शब्द. त्यात जन्म, गाव, ग्रंथसंपदा, पुरस्कार एवढं सांगितलं की वेळ संपली. ‘‘यात तू कुठे आहेस?’’ असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘मी कशाला हवी? प्रेझेंटेशन लेखकांवर आहे.’’

माझ्या मते खरी अडचण या उत्तरात होती.

मुलं भलामोठा विषय निवडतात त्याला आपण आळस म्हणतो किंवा अननुभव म्हणतो. मला त्यात भीती जास्त दिसते. विषय जितका पसरट, तितकं माहितीच्या आड उभं राहता येतं. सनावळ्या बरोबर असल्या की कुणी हटकत नाही. ‘मला या कवितेत असं दिसतं’ म्हटलं की मात्र आपण उघड्यावर येतो, तिथे ‘कशावरून?’ असं विचारता येतं. म्हणून विषय न सापडण्याच्या मागे पुष्कळदा ‘माझं मत चुकीचं निघालं तर?’ हा प्रश्न दबा धरून असतो. यावर विषयांच्या आणखी याद्या दिल्या तर उलट परिणाम होतो, नाकारायला आणखी विषय मिळतात. इंटरनेटवरच्या ‘शंभर उत्तम विषय’ छापाच्या याद्या चाळून चाळून दमलेली मुलं मी बघते, तेव्हा त्या याद्या करणाऱ्यांना एकदा ऐकणाऱ्यांच्या बाकावर बसवावं असं वाटतं.

‘तुला काय आवडतं?’ हा प्रश्नही मी टाळते. ऐकायला तो प्रेमळ आहे, पण साहित्याच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेसारखा वाटतो. त्याचं उत्तर भारदस्त असावं लागतं. त्याऐवजी मी विचारते, अलीकडे वाचताना कुठे अडलीस? कशाचा राग आला, काय पटलं नाही, कुठलं पान पुन्हा मागे जाऊन वाचलंस?

ती बराच वेळ गप्प होती. मग थोडं ओशाळून म्हणाली, ‘‘खूप लहान गोष्ट आहे. ‘औदुंबर’. सगळे म्हणतात निसर्गाचं सुंदर चित्र. मला शेवटी भीती वाटते. म्हणजे माझंच काही तरी चुकत असेल.’’

बालकवींची ही कविता आठ ओळींची आहे. झरा, टेकडीकडचं चिमुकलं गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. पाठांतर सोपं, म्हणून अनेकांच्या तोंडी असते. पुष्कळांना ती तेवढ्यावरच माहीत असते, जरी समीक्षकांनी या आठ ओळींच्या अर्थावरून भरपूर वाद घातलेले असले तरी.

मी साहित्याची शिक्षक नाही आणि तिच्या भीतीचा अर्थ लावून देणं हे माझं कामही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, ‘‘भीती कितव्या ओळीला सुरू होते ते बघून ये.’’

पुढच्या भेटीला ती कविता वहीत उतरवून घेऊन आली. रंगांचे शब्द तिने अधोरेखित केले होते. पहिल्या ओळीत हिरवाळी, दुसरीत निळासावळा झरा, चौथीत पुन्हा हिरवं, पाचवीत पांढरी पायवाट. सहावी ओळ हिरव्या कुरणातून निघते आणि काळ्या डोहापाशी पोचते. सातवीत लाटांवर काळिमा पसरतो. आठव्या ओळीत, जिथे औदुंबर प्रत्यक्ष येतो, तिथे रंगच नाही. ‘‘सात वेळा रंग आलाय मॅडम, आणि शेवटी काहीच नाही,’’ ती म्हणाली. आधीच्या भेटीत खुर्चीच्या कडेवर टेकलेली मुलगी आता वही माझ्यापुढे सरकवून बोटाने दाखवत होती. आणखी एक तिला दिसलं होतं. झरा वाहतो, पायवाटसुद्धा चालते. कवितेत सगळं कुठे तरी निघालेलं आहे आणि झाड तेवढं बसलेलं आहे.

एव्हाना विषय मिळाला होता, पण तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. कारण तिला वाटत होतं, आता या आठ ओळींवर दहा मिनिटं कशी भरायची?

या टप्प्यावर बहुतेक मुलं घाबरून पुन्हा मोठ्या विषयाकडे पळतात. ‘बालकवींची निसर्गकविता’ असं नाव द्यायचं, कवीचं चरित्र तीन मिनिटं, निसर्गकवितेची परंपरा तीन मिनिटं, आणि आपल्याला जे खरंच दिसलं ते शेवटी घाईघाईत. मी तिला कविता मोठ्याने, न धावता वाचायला लावली. एक मिनिटही लागलं नाही. म्हणजे वर्गासमोर ती सुरुवातीला एकदा आणि अखेरीस एकदा पूर्ण वाचता येणार होती. ऐकणाऱ्यांच्या हातात सगळा मजकूर असण्याची ही सोय लहान कलाकृतीतच मिळते. तीनशे पानांच्या कादंबरीवर बोलताना निम्मा वेळ कथानक सांगण्यात जातो, आणि ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना आपण म्हणू ते खरं मानावं लागतं. कादंबरी घेऊ नये असं नाही. घेतली तर तिच्यातलं एखादं प्रकरण, एखादा प्रवेश, एखादं पात्र घ्यावं.

मग मी तिच्या विरुद्ध बाजूने बोलले. कवीने काळिम्याला ‘गोड’ म्हटलंय. भीती वाटायची जागा असती तर गोड कशाला म्हणेल?

तिचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे माझं चुकलंच ना.’’

समुपदेशक म्हणून या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला क्षण हा आहे. मताविरुद्ध एक शब्द निघाला की मत रद्द, असा हिशोब या मुलांच्या मनात पक्का असतो. परीक्षेत उत्तर बरोबर किंवा चूक असतं, त्याची ती सवय. मी तिला म्हटलं, हा शब्द गाळून टाकू नकोस, तुझी दहा मिनिटं त्याच्यावरच उभी राहतील. सहाव्या ओळीपर्यंत तुझी बाजू मांड. सातव्या ओळीत तुझ्या विरुद्ध जाणारा शब्द आहे हे स्वतःच सांग. मग तो तुला कसा समजतो ते सांग, आणि समजत नसेल तर तसंही सांग. त्यानंतर तिने विषयाचं शीर्षक लिहिलं : ‘‘औदुंबर’मधला काळोख भीतीचा की विसाव्याचा?’ शेवटी प्रश्नचिन्ह ठेवायला ती बिचकत होती. ठेवायला सांगितलं.

विषय नीट झाला की नाही हे ओळखायला मी मुलांना तो एका वाक्यात बोलून दाखवायला सांगते, लिहून नव्हे. ‘यामध्ये मी अमुकचा आढावा घेणार आहे’ असं वाक्य निघालं तर विषय अजून झालेला नाही, ते अनुक्रमणिकेचं पान आहे. ज्या वाक्यावर समोरचा ‘मला तसं वाटत नाही’ म्हणू शकतो आणि त्याला दाखवायला आपल्याकडे एखादी ओळ किंवा पान आहे, ते वाक्य चालतं. याहून बारीक चाळण्या लावायच्या भानगडीत मी पडत नाही. नवीन, कुणीच न बोललेला विषय हवा हा हट्टही सोडायला लावते. गाजलेल्या कलाकृतीवर आधी शेकडो लोक बोललेले असणारच. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या वर्गात उभं राहून बोललेलं नसतं. दुसऱ्यांचं वाचावं, पण आपली टिपणं काढून झाल्यावर. आधी समीक्षा वाचली की आपलं जे थोडंसं असतं ते लाजून गप्प बसतं.

प्राध्यापकांकडे कसं जायचं, ही तिची पुढची धास्ती. त्यावर उपाय साधा होता. ‘विषय सुचवा’ म्हणत जायचं नाही. शीर्षक आणि त्याखाली दोन वाक्यं घेऊन जायचं. असं गेल्यावर बोलणं विषय का ठरला नाही यावर न होता त्या दोन वाक्यांवर होतं. तिच्या सरांनी एक सुधारणा सांगितली : कविता फळ्यावर किंवा पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेव. याच्यासाठी सत्रभर घाबरायची गरज नव्हती, पण हे मागाहून सगळ्यांनाच कळतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ‘जिथे अडलात तो विषय घ्या’ हे मी म्हणते खरी, पण काही वेळा माणूस अडतो ते स्वतःच्या ताज्या जखमेपाशी. घरातला मृत्यू, घरातली मारझोड, तुटलेलं नातं. त्या अनुभवाजवळचं पुस्तक निवडणारी मुलं येतात, आणि कधी कधी त्यांना ते बोलून मोकळं वाटतं. पण वर्ग ही गुण देणारी जागा आहे, तिथे मध्येच थांबता येत नाही. म्हणून मी आधी तो उतारा माझ्यासमोर वाचायला सांगते. आवाज भरून आला तर बिघडत नाही. वाचून झाल्यावर संध्याकाळपर्यंत सुन्न वाटत राहिलं, तर तो विषय माझ्या खोलीसाठी ठेवू आणि वर्गासाठी दुसरा घेऊ. तसंच, विषय ठरल्यावरही छातीत धडधड, उलटीची भावना, महाविद्यालयात पाऊलच न टाकणं असं चालू राहिलं, तर प्रश्न साहित्याचा नाही. त्यावर वेगळं काम करावं लागतं, आणि ते होतं.

त्या मुलीचं सादरीकरण पार पडलं. वर्गातल्या एका मुलाने उठून सांगितलं की त्याला या कवितेत भीती अजिबात दिसत नाही, उलट दमून पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटतं. तिने त्याला विचारलं, कुठल्या ओळीवरून? तो पडद्याकडे बघत म्हणाला, शेवटच्या. मग त्या दोघांत आणि सरांत शेवटच्या ओळीवरून जे बोलणं झालं, ते तिने मला अर्धा तास ऐकवलं. गुणांचं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ज्यांना विषय निवडायची मुभाच नसते, प्राध्यापक यादी लावतात आणि नावापुढे नाव लिहिलं जातं, त्यांचं काय, असं नेहमी विचारलं जातं. अशाच एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ‘दलित आत्मकथने’ आलं होतं. विषय केवढा मोठा! तो बदलून मागायच्या बेतात होता. त्याने वाचलेलं पुस्तक एकच, दया पवारांचं ‘बलुतं’, 1978 साली आलेलं. त्यात तो अडला होता सुरुवातीलाच : दया पवारांना दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो, आणि दगडू म्हणजे तर लेखक स्वतःच. स्वतःचं सांगायला स्वतःच्याच समोर बसायची गरज का पडावी? त्याने वरचं शीर्षक तसंच राहू दिलं आणि त्याखाली कंसात ‘‘बलुतं’मधल्या दोन निवेदकांच्या आधारे’ एवढं जोडून प्राध्यापकांकडे नेलं. त्यांनी सही केली.