नातीची चिनी, आजीची अहिराणी

"मन्ही नात मनासंगे बोलत नही," खुर्चीत बसल्या बसल्या आजींनी सांगून टाकलं. जुलैच्या सुट्टीत मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात शांघायहून धुळ्याला आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नात तिथल्या आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेत जाते. निम्मा दिवस इंग्रजी, निम्मा चिनी. सुरुवातीला ती एकाच वाक्यात तिन्ही भाषा मिसळायची. कुणीतरी सल्ला दिला, घरात इंग्रजीच बोला. दोघांनी मराठी बंद केली.

"तीन भाषांत तिचं डोकं गोंधळेल का हो? एकही धड येणार नाही का?" सुनेचे डोळे भरून आले होते. हा प्रश्न मला अहिराणी, मराठी आणि इंग्रजी अशा घरांतूनही सारखा येतो.

मी आधी विचारलं, ऐकू नीट येतं का, बोलायला कधी लागली, सांगितलेलं कळतं का. सगळं ठीक होतं. भाषा विकासातली खरी अडचण मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसते. तशी दिसली तर कानांची तपासणी करावी, वाचा उपचार तज्ज्ञांना दाखवावं. घरची भाषा सोडून ती अडचण जात नाही. आणि मिसळणं म्हणजे गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सापडेल तो मूल उचलतं, मोठी माणसंही तेच करतात. नव्या शाळेत काही महिने गप्प राहणारी मुलंही आतून ऐकत असतात.

बोलणं चालू असताना आजींनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. नात मोजू लागली, "यी, अर, सान..." आजींना वाटलं, सान म्हणजे लहान. त्यांनी शोधून एक बारकी शेंग तिच्या हातावर ठेवली. पोरगी खुदकन हसली आणि तीन बोटं दाखवत म्हणाली, "आजी, तीन!"

मराठी गेली नव्हती. तिला वापरायला माणूस मिळत नव्हता.

मी आईवडिलांना सांगितलं, घरात मराठीच बोला, आजींनी त्यांची अहिराणीच बोलावी. इंग्रजी-चिनी शाळा बघेल. चिनीला मेहनत मात्र आहे. अक्षरं रोज गिरवावी लागतात. उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पिनयिन पद्धतीत क्यू छ-सारखा आणि एक्स श-सारखा वाचतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंग काही काळ चुकतं. त्यावर रागावू नका. तुम्हाला चिनी येत नाही, तर तिलाच शिकवायला सांगा.

परवा आजींचा फोन आला. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नात त्यांना 'मा' शिकवते. सूर उंच आणि सपाट धरला तर आई, खाली नेऊन वर आणला तर घोडा. मग आजी अहिराणीत तिला शेतातल्या गोष्टी सांगतात, आणि ती मधेच विचारते, "मंग काय व्हयनं?"